घर पाहिले

अगं मनू, ये, अशी जवळ बस. आणि तो फोन पालथा ठेव आधी. तू तिकडे पुण्यात बसून हे वाचणार हे मला ठाऊक आहे, पण जवळ बसल्यासारखी वाच. "आजी, तुमच्या संस्थेतल्या त्या काकांबद्दल दोन ओळी पाठव ना, ऑफिसात दाखवायच्यात," असा निरोप टाकलास. दोन ओळी! वीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसले, त्याच्या दोन ओळी मागतेस? माझ्या भाचीची लेक म्हणून सोडून देते. तुझी नोकरी संस्थांना ते हुशार प्रोग्रॅम बनवून द्यायची, हे कळलं म्हणून तर लिहायला बसले. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं सगळं अर्ज लिहून लिहून आलेलं. तेव्हा वाकडंतिकडं जाईल, पण तू शेवटपर्यंत वाचायचंस.

तर चौकशीकाका. हा माणूस कुणाच्याही दारात गेला की पहिलं वाक्य एकच, "पाणी मिळेल का हो?" आमची संस्था म्हणजे नौपाड्यात एका दवाखान्यावरच्या दोन खोल्या. आजारी माणसांना उपचारासाठी मदत द्यायची. अर्ज आला की काका त्या घरी जाऊन बघून येत. पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणून पत्ता हुडकण्यात पटाईत. एकदा मी विचारलं, "काका, पिशवीत बाटली असते तुमच्या, मग दारोदार पाणी कसलं मागता?" तर म्हणाले, "ताई, ती माणसं आपल्याकडे मागायला आलेली असतात, मान खाली असते. मी पाणी मागितलं की मी मागणारा झालो आणि ती देणारी झाली. मग नीट बोलतात." वयानं माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, पण मीही त्यांना काकाच म्हणायची आणि ते मला ताई.

चपला बाहेर काढायचेच. पत्र्याची खोली असो, बांधकामावरची शेड असो, आत जमीन ओली असो. पायमोजे भिजवून ऑफिसात यायचे आणि खिडकीच्या गजावर वाळत घालायचे. आमच्या अध्यक्ष डॉक्टरबाई नाक मुरडत. "काका, इथे देणगीदार येतात हो!" "मग बघू देत की, देणगीचं काय होतं ते," हे उत्तर. जेवायच्या वेळेला कुणाकडे जायचे नाहीत. "ताट झाकायला लावू नये कुणाला," म्हणायचे. रिक्षावाल्यांशी मात्र कडाकडा भांडत. तेवढी एक हौस होती त्यांची.

आणि त्यांचा शेरा. पाणी आणायला बाई आत वळली की काकांना घर दिसायचं. चूल, औषधाच्या पट्ट्या, निजायला काय आहे, सगळं. पण परत येऊन फायलीवर लिहायचे फक्त चार शब्द, 'घर पाहिले. मदत द्यावी.' डॉक्टरबाई वैतागत, "अहो, काय पाहिलंत ते लिहा की. ऑडिटला काय दाखवू मी?" काका म्हणत, "माणूस उद्या सावरतो बाई. फायलीत लिहिलेलं तसंच राहतं. कुणाच्या घरात चादर नव्हती, हे दहा वर्षांनी कुणी कशाला वाचायचं?" मदत नाकारायची असेल तर मात्र पान भरून कारणं. "नाही म्हणायचं तर कष्ट घ्यायला नकोत?" कधी कधी दोनदा जाऊन मगच नाही म्हणत.

आता यंत्र कसं आलं ते सांगते. तुला वाटेल, म्हातारी यंत्राला शिव्या घालणार. तसं नाहीये. साथीच्या दिवसांनंतर अर्जांचा ढीग लागला. पाय एका माणसाचे, घरं बदलापूरपासून कसाऱ्यापर्यंत. आंबिवलीच्या एका मुलीच्या ऑपरेशनचा अर्ज होता. काकांना तिच्या घरी पोचायला तीन आठवडे लागले. दारात जाऊन नेहमीप्रमाणे पाणी मागितलं, आणि पाणी घेऊन आलेल्या आजोबांनी सांगितलं की परवा तिचा दहावा झाला. काका तिथून सरळ ऑफिसात आले आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "ते कंपनीवाले फुकट प्रोग्रॅम देतायत म्हणत होतात ना? घ्या. मी नडतो आता." स्वतः म्हणाले ते. हे तुझ्या ऑफिसात आधी सांग.

डॉक्टरबाई मोठ्या काळजीच्या. त्यांनी नियमांचा कागदच केला आणि भिंतीवर लावला. लोकांची माहिती बाहेर जाणार नाही. जातधर्म विचारणार नाही. आणि ठळक अक्षरात, यंत्र फक्त क्रम लावेल, निर्णय माणूस घेईल. अर्ज आणि घराचे फोटो त्यात घालायचे, त्यानं ते सगळं वाचून, फोटोतल्या वस्तूसुद्धा ओळखून, कोणाची निकड जास्त तसा क्रम लावून द्यायचा. शिकवायला म्हणून कंपनीच्या मुलांनी जुन्या फायली मागितल्या. दोन दिवस चाळल्या आणि परत आणून दिल्या. "आजोबा, यात माहितीच नाहीये काही. सगळीकडे नुसतं घर पाहिले, घर पाहिले." काका हसले.

कॉम्प्युटरसाठी आतल्या खोलीत एसी बसला. काकांनी यंत्राचं नाव ठेवलं जावईबापू. "जावयाला उकडतं हो, दार लावा." "काय म्हणतायत आज जावईबापू? मर्जी आहे का?" आम्ही हसायचो. आणि खरं सांगू, काम झपाझप व्हायला लागलं. तीन महिन्यांचा ढीग तीन आठवड्यांत उपसला गेला. दर सोमवारी यादी छापून यायची, वर निकडीचे, मध्ये एक रेघ, रेघेखालचे 'सध्या नाही'. निर्णय घेणारा माणूस कोण? काका. प्रत्येक पानाखाली त्यांची सही.

पहिले काही सोमवार त्यांनी एकेक नाव वाचलं. शंका आली की पिशवी उचलून निघायचे, घर बघून यायचे आणि म्हणायचे, "बरोबर होतं त्याचं." पुन्हा शंका, पुन्हा जाऊन यायचे, पुन्हा "बरोबर होतं." पुढे पुढे जाणं कमी झालं. याद्या लांबल्या होत्या, त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि एकदा मला म्हणाले, "ते चुकत नाही हो ताई. चुकत असतं तर बरं झालं असतं, मी जागा राहिलो असतो." मी म्हटलं, "आता या वयात किती जागरणं करणार?" थट्टेवारी नेलं मी.

त्याच सुमारास खडवलीचा अर्ज आला. नवरा टेम्पो चालवायचा, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कल्याणला यायचं. पहिले काही महिने उधारउसनवार करून भागवलेलं, आता ते संपलं होतं. बाईचं नाव वैशाली. अर्ज पूर्ण होता, फोटो तेवढे राहिले होते. फोन करून मागवायचं काम माझं. मी सगळ्यांशी जसं बोलते तसंच तिच्याशी बोलले, "वैशाली, बाळा, फोटो नीट काढून पाठव हं. मोठी माणसं बघणार आहेत." "हो ताई," म्हणाली. गोड आवाज होता पोरीचा. दोन दिवसांनी फोटो आले, मी ते जागच्या जागी यंत्रात चढवले. छान फोटो होते गं. स्वच्छ रंगवलेली भिंत, फ्रीज, त्याच्यावर फुलांचा ग्लास, इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेला नवरा, आणि मागे जरीची साडी नेसून ती. मला वाटलं, चला, टापटिपीचं कुटुंब आहे.

सोमवारी यादी आली. खडवली रेघेखाली. काकांनी सही केली. त्या दिवशी रेघेखाली पुष्कळ नावं होती, पानं उलटण्याचा आवाज मी ऐकला, एकसारखा. मग यंत्रानेच लिहिलेलं पत्र फोनवर गेलं. 'आपल्या कुटुंबाच्या धैर्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. सध्या अधिक निकडीच्या गरजांना प्राधान्य द्यावे लागत असल्याने आपला अर्ज पुढील टप्प्यासाठी राखून ठेवत आहोत.' इतकं सुंदर मराठी, की वाचणाऱ्याला भांडायलासुद्धा जागा नाही. आमचे काका नाही म्हणायचे तेव्हा लोक त्यांच्यावर ओरडायचे. ओरडले की काका पुन्हा जाऊन बघायचे. या पत्रावर कुणी ओरडलंच नाही.

पाच-सहा आठवड्यांनी ऑफिसात फोन वाजला. "ताई, मी खडवलीवरून वैशाली बोलते. आमचा तो अर्ज राखून ठेवलाय ना, तो काढून टाका. मिस्टर गेले आमचे. आठवड्यातून दोनाचं एकदा केलेलं डायलिसिस, नाही झेपलं त्यांना. तुमच्याकडे जागा अडली असेल ना, दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे." रडत नव्हती. मी रिसीव्हर तसाच धरून बसले, तो काकांनी माझ्या हातातून घेतला, ऐकलं, आणि आत जाऊन ती यादी काढली. त्या पानाखालची स्वतःची सही बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, चला. घर बघायचं राहिलंय."

दुपारी आम्ही खडवलीला उतरलो. नदीच्या अंगाला चाळीतली एक खोली. काकांनी चपला काढल्या. पाणी मागितलं नाही. तिनंच आणलं, आणि ते हातात घेऊन बसले. खोलीत भिंत रंगवलेली होती, पण एकच, फोटोत आली तेवढी. बाकी तिन्हींचे पोपडे. काका फ्रीजकडे बघत होते. म्हणाले, "हा चालू नाही का?"

"बंदच आहे ना तो काका. बाजूच्यांनी नवीन घेतला तेव्हा हा टाकणार होते. मी बोलले, द्या मला, कपाट होईल." तिनं दार उघडलं. आत कपड्यांच्या घड्या, दवाखान्याच्या फायली, एका कप्प्यात रॉकेलची बाटली.

"आणि रंग?"

"वर काम चाललेलं, त्यांचा उरलेला डबा मागितला. रात्रीचा सुकला नाही तर फोटोत ओला दिसेल म्हणून सकाळीच मारला." मग माझ्याकडे बघून ती पहिल्यांदा जराशी हसली. "तुम्हीच ना त्या फोनवरच्या ताई? आवाज ओळखला मी. तुम्ही बोललेलात ना, फोटो नीट काढ, मोठी माणसं बघणार आहेत. मिस्टरांना उठवतच नव्हतं. पण बोलले, त्या ताई एवढ्या मायेनं बोलल्यात, घाणेरडं घर कसं दाखवायचं? साडी मोठ्या जाऊबाईंची. शर्ट इस्त्रीला टाकला होता. चांगले आलेले ना फोटो?"

मनू, मी काय उत्तर द्यावं ते तू सांग. मी "हो" म्हटलं. "चांगले आले होते."

आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की जे फाटकं असेल ते आपण आत सारतो. तू नाही सारत? तुझ्या आईच्या घरी आम्ही येतो तेव्हा सोफ्यावरची नवी चादर मला कळत नाही होय? काकांना हे माहीत होतं, म्हणून तर ते पाण्याच्या निमित्तानं आतलं बघून घ्यायचे. यंत्राला तिनं जे पुढे मांडलं तेवढंच दिसलं. मांडायला तर मीच सांगितलं होतं.

परतीची गाडी यायला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, "काका, हे माझ्यामुळे झालं." ते म्हणाले, "तुम्ही गोड बोललात ताई, एवढंच. सही माझी आहे." मी पुन्हा काही म्हणायला गेले तर हात वर केला. "वाटून घेऊ नका. वाटलं की हलकं होतं, आणि हे हलकं व्हायला नको." त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी कधीच काढला नाही. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं गं.

विश्वस्तांच्या बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरबाई रडल्या. चांगली बाई आहे ती, तिला वाईट म्हणू नकोस. पण त्यांनी विचारलं, "काका, आपण नियम तर पाळला होता ना? माणसानंच सही केली होती." काका म्हणाले, "पाळला होता. मी तेच सांगतोय." कुणाला कळलं, कुणाला नाही. काकांचं मागणं एवढंच होतं, की रेघेखालच्या प्रत्येक घरी कुणीतरी जावं. सगळे हो म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, जाणार कोण? शेवटी फॉर्मात एक ओळ वाढवली, 'घरातील वस्तू वापरात आहेत का?' यंत्रानं ती ओळ तिथल्या तिथे शिकून घेतली.

काका एकटे निघाले. जुन्या याद्या पिशवीत घालून रेघेखालची घरं शोधायला लागले. टिटवाळा, आंबिवली, उन्हातान्हात. काही घरांना कुलूप. काही ठिकाणी "आता काय उपयोग?" एका दारात त्यांना विमा विकणारा समजून हाकललं. परत आले की मी विचारायची, "पाणी तरी प्यालात का कुठे?" तर म्हणत, "कोणत्या तोंडानं मागू?" असं दीडेक महिना. मग आंबिवलीच्या पुलाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि लेक त्यांना डोंबिवलीला घेऊन गेली. संस्थेनं याद्या परत मागवून घेतल्या. लोकांची माहिती अशी घरात राहू नये, नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे.

मी डोंबिवलीला जायची अधूनमधून. एकदा लेकीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "मावशी, तुम्ही तरी सांगा बाबांना. सहीच करत नाहीत कशावर. हॉस्पिटलचा कागद नाही, पेन्शनचा हयातीचा दाखलासुद्धा नाही. पेन्शन बंद होईल हो!" मी बाहेर येऊन त्यांच्या कॉटशी बसले. म्हटलं, "काका, अहो तुम्ही जिवंत आहात एवढंच लिहायचंय." तर म्हणाले, "बघायला कोण येणार आहे? न बघता ते मानणार, न बघता मी सही करणार. पुष्कळ झालं ताई." आवाज चढला नाही, काही नाही. लेक हुशार. तिनं फोन त्यांच्या चेहऱ्यापुढे धरला, "बाबा, डोळे मिचकवा." त्यांना ऊन लागलं म्हणून की काय, पापणी हलली. फोननं टिंग केलं आणि ते हयात असल्याचं कळवून टाकलं. लेक "झालं बाई एकदाचं" म्हणत आत गेली. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. मी निघाले तेव्हा वळले नाहीत. चार महिन्यांनी गेले. मला वाटतं ते त्या दिवशीच गेले होते.

तुला वाटत असेल, आजी, यातून शिकायचं काय? मला नाही ठाऊक. यंत्र बंद करा म्हणावं तर आंबिवलीची ती पोर डोळ्यांपुढे येते. चालू ठेवा म्हणावं तर वैशाली. ती आता कल्याणला एका दवाखान्यात झाडलोट करते. भेटली की वाकून नमस्कार करते मला, आणि मला तो घेता येत नाही. तुझ्या ऑफिसात हुशार माणसं आहेत, त्यांना विचार. पण भिंतीवरच्या कागदातली ती ठळक ओळ वाचून दाखवू नकोस त्यांना, ती सगळ्यांना पाठ असते.

आणि एक सांगायचं राहिलं. काकांच्या जागी माणूस हवा होता. नियमच आहे. डॉक्टरबाईंनी फार गळ घातली, "ताई, तुमच्याइतकं या कामातलं कुणाला कळतं?" तर गेल्या वर्षापासून ती सही मी करते.

यादी आता मला घरी पाठवतात, परवा आलेली आत्ता माझ्यापुढे आहे. रेघेखाली एकोणीस नावं आहेत. त्यातलं एक घर शहाडला, स्टेशनच्या अगदी जवळ असावंसं वाटतं. पण माझ्या गुडघ्यांना आता आमचा जिनाच होत नाही, तर ते कुठून होणार? मी फोटो पुन्हा पुन्हा बघते, भिंग घेऊन बघते. बाई हसतेय फोटोत. सोमवारी अकरा वाजता सही केलेली यादी न्यायला माणूस येतो. तू शनिवारी ये गं. तुझ्या आवडीचं काय ते करून ठेवते, दुपारी थोडी पड, मग एवढं एक घर माझ्यासाठी बघून ये. शनिवारी नाही जमलं तर रविवारी ये. पण सोमवारच्या आत ये.